कढई चढवणारी

"कोमट पान्यानं मक्का आयकत नाई, माय."

गिरणीतून पडणाऱ्या पिठात तीन बोटं घालून, पीठ चोळून बघत ती हे म्हणायची. समोर एखादी नवी सून असली की हमखास म्हणायची, आणि कोणीच नसलं तर गिरणीला म्हणायची. मग मला हुकूम सुटायचा, "अजून जाडं काढ. हे काय तोंडाले लावाचं पावडर हाय का?"

सगळी गल्ली तिला मावशी म्हणे. सख्खी भाची त्या गल्लीत एकही नव्हती. आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव, अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. आमची गिरणी आणि तिचं घर समोरासमोर. लग्न होऊन आले तेव्हापासून गिरणी मी चालवते, आणि दारातल्या स्टुलावर बसून माझी सासू गप्पा चालवायची. मावशी आली की दोघींची जुंपलीच म्हणून समजा. "तुहा मक्का दळून दळून आमच्या गिरणीचे दात पडले," सासू म्हणायची. "तुहे पडले ते पाह्य आदी," मावशी म्हणायची. मग दोघी एकाच पानपुडीतून सुपारी खायच्या.

तुम्ही मक्याचे वडे खाल्ले असतील, तर ते बहुधा कोवळ्या कणसांचे असतील. आमच्या तेलुगू शेजारणी गारेलू करतात ते तसेच, मऊ आणि गोडसर. मावशीचा वडा वाळल्या मक्याचा. जाडसर पीठ, मीठ, जिरं, ठेचलेली मिरची आणि लसूण, त्यावर खळखळ उकळतं पाणी. उलथण्याने हलवून झाकायचं आणि वाफ जायच्या आत हात घालून मळायचं, कारण निवलं की पीठ पुन्हा सुटायला लागतं. मग ओल्या फडक्यावर तळहाताएवढा थापायचा, बोटभर जाड, आणि तेलात सोडायचा. बाहेरून कडक, आतून भाकरीसारखा. त्याच्याबरोबर कांदा असला की दुसरं काही लागत नाही.

मी पहिल्यांदा केले तेव्हा हात भाजेल म्हणून पाणी जरा निवू दिलं. वडा कढईत पडला आणि त्याचा भुगा झाला. वासावर मावशी समोरून आलीच. कढईत डोकावून म्हणाली, "काऊन व, तेलात रांगोळी काहाडून राह्यली का?" माझी सासू हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली. मावशीने दुसरं पीठ घेतलं, त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि माझा हात धरून सरळ त्यात दाबला. मी किंचाळले. "भाजू दे," ती म्हणाली. "एक डाव भाजला का मंग हात शाना होते."

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात तेलाची कढई चुलीवर चढत नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, तरी नाही. घरच्या बाईने ती आपल्या हाताने चढवायची नसते. दुसऱ्या घरची, जिच्या घरात दुखवटा नाही अशी बाई येते, कढई चढवते, काहीतरी तळते आणि घरच्यांना खाऊ घालते. मग ते घर सणावाराला मोकळं होतं. ही बाई म्हणजे आमच्याकडे मावशी. पुऱ्या ती कधी तळत नसे. तिचा हिशोब सरळ होता. "पुरी सनाची. उडदाचा वडा पित्राचा. मक्क्याचा वडा कोनाचाच नाई, म्हनून तो चालते."

ती कुणाचं सांत्वन करत नसे. पदर डोळ्याला लावणाऱ्या बाया बाहेर बसलेल्या असत, ही त्यांच्यामधून वाट काढत आत जाई आणि विचारी, "तेल कुठी हाय?" पहिला वडा, घरात जे माणूस जेवत नसेल, त्याच्या हातावर. नाही म्हटलं तर म्हणे, "खाय. रडाले बी ताकत लागते." माणसं खायची. मी पाहिलंय. जवान पोर गेलेला एक बाप भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्याने तसंच भिंतीकडे बघत वडा खाल्ला आणि मग हंबरडा फोडला. मावशी तोवर दुसरा घाणा काढत होती.

तिचा नवरा फार आधी गेलेला. एकच मुलगा. नदीकाठच्या तुकड्यात तो भाजीपाला लावायचा. त्याचं लग्न झालं, नेरडीगोंड्याकडची सून आली. हसरी पोर होती. तिला मावशी हात भाजू न देता वडे करायला शिकवत होती. आम्हाला भाजवलं आणि सुनेला फुंकर, यावरून माझ्या सासूने तिला महिनाभर चिडवलं.

नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी नदीतच बसवलेल्या असतात. पूर चढायला लागला की त्या ओढून वर आणाव्या लागतात. त्या पावसाळ्यात तो मोटार काढायला गेला. पाणी त्याच्या अंदाजापेक्षा लवकर चढलं. दोन दिवसांनी मोटार सापडली, बाभळीच्या बुंध्यात अडकलेली. तो सापडला नाही. गावची माणसं काठाने खाली खाली जात राहिली, सरकारी नाव आली, पलीकडच्या गावांतही निरोप गेले. काहीच हाती लागलं नाही.

देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गुरुजी तेच सांगायला तिच्याकडे आले होते. तिने त्यांना बसू दिलं नाही. "नदीनं नेला असता तं नदीनं देला असता," ती म्हणाली. "देला नाई, म्हंजे तो नदीत नाई."

आणि पुढच्या रविवारी तिने कढई चढवली.

रविवारी मुलाला मक्याचे वडे लागत, म्हणून ती दर रविवारी तळायला लागली. सकाळी समोरून तळणाचा वास यायचा आणि गल्लीतल्या बाया एकमेकींकडे बघायच्या. पोरगा बुडाला आणि ही वडे तळते. ती त्याचं ताट वाढायची. सुनेला कुंकू लावायला लावायची, हिरव्या बांगड्या भरायला लावायची, आणि समोर बसवून वडा खायला लावायची. आमच्या गल्लीला बोलायला कारण लागत नाही, इथे तर कारणच कारण होतं. पण तिच्या तोंडावर कोणी बोलेना. प्रत्येकीच्या घरची कढई कधी ना कधी तिने चढवलेली होती.

दिवाळी गेली. उन्हाळा लागला. सून वाळत चालली. एकदा ती मक्का दळायला आली, डबा खाली ठेवला आणि गिरणीच्या आवाजात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, मले रडाचं हाय. त्या रडू देत नाईत. डोळ्यात पानी आलं का म्हनतात, अपशकून करून राह्यली का?"

"तुह्या माहेरचे काय म्हनतात?" मी विचारलं.

"बाबा न्याले येतो म्हनते. पन काय म्हनून न्याचं? मी सवाशीन का विधवा, तेच कोनाले मालूम नाई. असं अर्धवट कसं जाऊ? न् त्याईले एकटं कसं सोडू?"

पोरगी चोवीस-पंचवीसची असेल. तिचं सगळं आयुष्य त्या कढईपाशी अडकून पडलं होतं. मला मावशीचा राग आला, आणि राग आला म्हणून आणखी वाईट वाटलं. मी त्याच दुपारी समोर गेले. मावशी सुपात मक्का निवडत होती. मी इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हटलं, मावशी, एकदा विधी करून घे, तेरवी कर, मी येऊन कढई चढवते.

तिने वर पाहिलं. "माह्या घरची कढई उतरलीच नाई. चढवतं काय तू?"

तिने मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि मी ते खात खात घरी आले.

पुढच्या पावसाळ्यात माझी सासू गेली. रात्री जेवली, सकाळी उठली नाही. मावशी दिवसभर तिच्या उशाशी बसून होती. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या दारात उभी, हातात परात, परातीत जाडसर मक्याचं पीठ. मागे सून तेलाची किटली घेऊन.

यवतमाळकडून आमच्या आत्याबाई आल्या होत्या, माझ्या सासऱ्यांची बहीण. रीतीभातीला फार कडक. मावशीची हकिकत त्यांना कोणीतरी आधीच सांगितली होती. त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी कढईले हात लावू नका. तुमच्याच घरचं सुतक फिटलं नाई."

"माह्या घरी कोनी गेलं नाई," मावशी म्हणाली.

"मंग पोरगा कुठी हाय?"

"येईन."

मी आत्याबाईंच्या मागे उभी होते. माझ्या सासूची ती तीस वर्षांची मैत्रीण. ती नाही तर कोण आमची कढई चढवणार? पण रीतही तिनेच आम्हाला शिकवलेली. गल्लीतल्या बाया आपापल्या दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हे गेले, आई."

आवाज इतका बारीक होता की क्षणभर कळलंच नाही कोण बोललं ते. सुनेने किटली खाली ठेवली होती. "हे गेले," ती पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्याने. "मले मालूम हाय. तुमाले बी मालूम हाय."

मावशी वळली. मला वाटलं, ही आता पोरीच्या थोबाडीत देणार. पण परात तिने आमच्या पायरीवर ठेवली, अगदी हलक्या हाताने, पीठ सांडू नये अशी. सुनेचा दंड धरला आणि म्हणाली, "चाल घरी."

थोड्या वेळाने समोरच्या घरातून सुनेचं रडणं ऐकू आलं. वर्षभर दाबून ठेवलेलं रडणं ते. सगळी गल्ली ऐकत होती. मी माझ्या सासूसाठीसुद्धा तशी रडले नव्हते, त्या दिवशी ती आणि मावशीचा पोरगा, दोघांसाठी रडले. आमची कढई मग पलीकडच्या तेलुगू शेजारणीने चढवली. काय तळलं होतं ते आठवत नाही.

मावशीने सगळं रीतसर केलं. पुतळ्याला अग्नी दिला, तेरवी घातली. त्यानंतर मी तिच्या घरी गेले. उकळतं पाणी ओतलं, हात भाजून घेतला, पीठ मळलं. ती कोपऱ्यात गुडघ्याला मिठी मारून बसली होती, इतरांच्या घरी माणसं बसलेली असत तशीच. मी वडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो मोडला, थोडा खाल्ला. "मीठ कमी हाय," म्हणाली, आणि बाकीचा खाऊन टाकला.

सुनेचे वडील न्यायला आले तेव्हा तिनेच तिची पेटी भरून दिली. "जाय. मांगं पाहू नको," एवढंच बोलली. पुढे आदिलाबादला तिचं दुसरं लग्न झालं, हे आम्ही मावशीच्याच तोंडून ऐकलं.

त्यानंतर मावशी कुणाच्या घरी कढई चढवायला गेली नाही. आता दुखवटा फिटलेला होता, कोणाची हरकत नव्हती, बोलावणी यायची. ती नाही म्हणायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लोकाइले खाय खाय म्हनत होती न् मी. मले का मालूम होतं, कसं गिळा लागते ते." गिरणीत येणं कमी झालं. आली तरी पिठात बोटं घालत नसे. जसं निघेल तसं घेऊन जाई. गेल्या हिवाळ्यात ती गेली. दूध घालायला आलेल्या बाईने दार वाजवलं, उघडलं नाही, मग आम्ही सगळ्यांनी मिळून कडी काढली.

इंद्रवेल्लीकडून दूरचा एक पुतण्या आला. अग्नी दिला, तेरवी केली, दाराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली आणि गेला. आता कढईचं काय, यावर गल्लीत बोलणं झालं. कढई चढते ती घरच्यांसाठी, आणि त्या घरात तर कोणीच उरलं नव्हतं. तेव्हा विषय तिथेच राहिला.

आठेक दिवसांनी आदिलाबादहून एक ऑटो येऊन तिच्या दारासमोर थांबला. आत एक माणूस, बहुधा तिचा नवरा, बसून राहिला आणि सून खाली उतरली. अंगाने भरली होती, दिवस भरत आलेले दिसत होते. ती सरळ गिरणीत आली.

"काकू, कढई चढवली का कोनी?"

"कोनासाठी चढवाची, माय?"

"मी हाय न् घरची," ती म्हणाली. "मले खाऊ घाला."

पोटुशी बाई दुखवट्याच्या घरात पाऊल टाकत नाही. म्हणून मी कुलूप काढून आतून फक्त कढई आणली आणि अंगणात तीन विटा मांडल्या. ती भिंतीच्या सावलीत पायरीवर बसली. मी पाणी उकळलं, पीठ मळलं, थापलं, तळलं. पहिला वडा तिने हात पुढे करून घेतला. ती खात होती आणि डोळे वाहत होते, आणि तिला रडू नको म्हणणारं कोणी नव्हतं. दुखवट्याच्या घरचं अन्न आपल्या घरी न्यायचं नसतं, म्हणून तिने तिथेच बसून जेवढे खाववले तेवढे खाल्ले. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा पाण्याच्या घोटाबरोबर कसाबसा. ऑटोवाल्याने हॉर्न दिला. तिने पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि गेली.

परातीत बरेच वडे उरले होते. मी जाळ ओढून घेतला आणि तिथेच बसून राहिले. वडे अजून गरम होते, आणि त्या घरचं खाणारं आता कोणी नव्हतं.