सोनाबाईच्या खानावळीचा धूर

"तुम उसी के यहाँ खाते हो, इसीलिए लाइसेंस देते हो!"

क्वार्टरच्या दारात उभी राहून ती बाई मला सुनावत होती. कडेवर तान्हं मूल, खोकून खोकून लाल झालेलं. नवरा प्लान्टवर क्रेन चालवायचा. त्यांच्या खिडकीला लागूनच सोनाबाईची खानावळ, आणि तिथला सगळा धूर यांच्या घरात. बाईचं काही चुकत नव्हतं. मी जेवायचो तिथेच.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी टाउनशिपचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. हॉटेल, बेकरी, धोब्याची भट्टी, सगळ्यांना आमचा परवाना लागे. धुराने शेजाऱ्याला त्रास झाला की कागदावर त्याला 'न्यूसन्स' म्हणायचं आणि परवाना अडवायचा. मी एकटा, हॉस्टेलच्या खोलीत राहायचो. एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला बंगाली. माणसं भली, पण आमचं बोलणं 'पानी आया?'च्या पुढे जात नसे.

मराठी कानावर पडायची ती सोनाबाईकडे. ती भंडाऱ्याकडची. नवऱ्याचं कंत्राटी काम सुटलेलं, घर खानावळीवर चाले. "आज उशीर कावून केला रे बापू? भात थंडा होऊन राहिला!" असं ती ओरडली की बरं वाटायचं. खरं सांगतो, मी त्या ओरडण्यासाठी जायचो. वरण काही एवढं खास नव्हतं.

तक्रार हेल्थ ऑफिसरांपुढे ठेवली. मान वर न करता ते म्हणाले, "चिमनी या ताला. तीसरी बात नहीं."

चिमणी म्हणजे शेजारच्या छपराहून उंच धुराडं. सोनाबाईचं छप्पर गवताचं. त्यातून धुराडं काढणं म्हणजे आपल्या हाताने आग लावणं.

"मंग लाव कुलूप," सोनाबाई म्हणाली. "त्या लेकराचा खोकला मले आयकू येते. पण धूर का मी हौसेनं करतो?"



त्या संध्याकाळी सेक्टरमधून हॉस्टेलकडे चाललो होतो. घरोघरच्या बायांनी कोळशाच्या शेगड्या अंगणात पेटवून ठेवल्या होत्या. कोळसा पेटताना धुमसतो. निखारे लाल झाले की धूर सरतो, मग शेगडी आत न्यायची. ही रीत मी रोज पाहत होतो, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. खानावळीतली भट्टी जागची हलत नाही, शेगडी हलते!

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. भट्टी मोडायची. शेगड्या मागच्या मैदानात, क्वार्टरपासून लांब पेटवायच्या आणि धूर सरल्यावरच आत आणायच्या. साहेबांनी बराच विचार केला.

"ठीक है, शर्त लिख दो. लेकिन रोज़ जाकर तुम देखोगे."

सोनाबाईने भट्टी फोडली. पहिल्या सकाळी मी तपासायला गेलो. मैदानात शेगड्या लाल झाल्या होत्या, आणि त्या आत न्यायला जेवणारेच उठले. दोघं दोघं मिळून, कड्यांना फडकी गुंडाळून, थट्टामस्करी करत एकेक शेगडी नेत होते. क्रेनवाल्याच्या घराची खिडकी उघडी होती. मला इतका आनंद झाला की मीही एका शेगडीच्या कडीला हात घातला.

दुसऱ्या कडीला गंगाराम फिटर होता, पंगतीत रोज माझ्या शेजारी बसणारा. त्याने हात मागे घेतला.

"राहू द्या साहेब," सोनाबाई म्हणाली. "तुमचं काम पाह्यनं हाय."

ती रागावली नव्हती. मान ठेवून बोलली, आणि तेच मला लागलं. त्या दिवशी माझ्यासाठी वेगळी खुर्ची आली. मी बसलो तशी पंगतीतली बडबड थांबली. वाढणं पहिल्यासारखंच, उलट थोडं जास्तच. पुढच्या महिन्यापासून हॉस्टेलच्या मेसचं कार्ड काढलं. तपासणीला मात्र रोज जात राहिलो. शर्त एकदाही मोडली गेली नाही.

नंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक इन्स्पेक्टरला मी सांगत असे, जिथे जेवता तिथली तपासणी दुसऱ्याकडे द्या. सोनाबाईच्या वेळी मात्र आमच्या ऑफिसात दुसरा इन्स्पेक्टर नव्हता.