बर्फातली डबी

शिरोड्याच्या हेमंत कुबलला समुद्राचं भय कधी वाटलं नाही. त्याची पाचावर धारण बसली ती वेंगुर्ल्याच्या लॅबने दिलेल्या एवढ्याशा डबीमुळे. लग्नाला सात वर्षं झाली होती. तपासण्या, सोनोग्राफी, इंजेक्शनं, सगळं त्याच्या बायकोने, मयुरीने, एकटीने सोसलं. आता आयव्हीएफच्या आधी डॉक्टरीणबाईंनी त्याचीही वीर्यतपासणी सांगितली. नमुना घरून तासाभरात पोचवायचा होता.

हेमंतने डबी मासळीच्या पेटीत, बर्फात रोवून नेली. जे ताजं ठेवायचं ते बर्फात, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक. तपासणीत एकही शुक्रजंतू हलेना. नमुना कसा आणला, असं लॅबमध्ये विचारल्यावर त्याने पेटी दाखवली.

"बर्फात आणलंत?" लॅबवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते अंगाशी धरून उबेत आणायचं. चार दिवसांनी पुन्हा या."

"मेल्या बर्फान घात केल्यान," घरी हे ऐकून मयुरी म्हणाली आणि किती दिवसांनी हसली. हेमंतही हसला.

चार दिवसांनी बनियनच्या आत डबी खोचून त्याने मोटरसायकल काढली.

"गरम आसा मां?" मागे बसलेल्या मयुरीने विचारलं.

त्याने एका हाताने डबी छातीशी आणखी दाबून धरली. ह्या खेपेला दोष द्यायला बर्फ नव्हता.