भयंकर सरांनी आत्या परत आणली

भयंकर सर भुताच्या गोष्टी भर दुपारी लिहीत, आणि त्यातही मे महिन्यातल्या दुपारी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी चिटपाखरू नसे. दारावर वाळ्याचे पडदे सोडून, त्यांवर पाणी मारून घरंच्या घरं निजलेली असत. फक्त समोरच्या ओट्यावर हे गृहस्थ डोक्यावर ओला पंचा आणि मांडीवर लाकडी पाट घेऊन बसलेले. मी तेव्हा साताऱ्याहून लग्न होऊन नवीनच आले होते. उन्हाने माणूस वेडा होतो हे ऐकून होते, म्हणून घाबरून सासूबाईंना उठवायला गेले. त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "भुतं लिहून राहिले ते. तू झोप वं."

पुढे ओळख झाल्यावर मी त्यांना विचारलं, की भुतं रात्री लिहायची सोडून ही काय वेळ? ते म्हणाले, "सूनबाई, नागपुरात उन्हाळ्यात रात्री सारे लोक अंगणात खाटा टाकून गप्पा मारतात. भुताले चालाले जागा कुठं हाये? दुपारी पाहा, कुत्रं बी दिसत नाई. भ्या वाटाची खरी वेळ हेच." माझा साताऱ्याचा अनुभव वेगळा होता, पण नागपूरच्या उन्हाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे एव्हाना मला कळलं होतं.

सर शाळेत गणित शिकवत. 'भयंकर' हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं आणि गणितामुळे ठेवलेलं, पुस्तकं नंतरची. त्यांच्या कादंबऱ्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत पार फाटेपर्यंत फिरत. प्रत्येकीच्या वेष्टनावर एक कवटी आणि एक किंचाळणारी बाई. सरांना त्याची लाज वाटे. "कवटी प्रकाशकाची, आतला माणूस माहा," असं ते प्रत्येकाला न विचारता सांगत. आतला माणूस म्हणजे आतलं भूत. त्यांचं ठाम मत होतं, की भूत वाईट नसतं, भुकेलं असतं. हाच नियम ते वर्गातही लावत. एखाद्या पोराने दंगा केला की छडी उगारण्याऐवजी विचारत, "सकाळी काय खाऊन आला बे?" त्यांच्या तासाला निम्मी पोरं मुद्दाम दंगा करत, कारण सरांच्या पिशवीत मुरमुरे असत.

त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी 'पालथं ताट'. मोठ्या खटल्याच्या घरात एक विधवा आत्या. सगळ्यांना रांधून वाढणारी, सगळ्यांमागून बसणारी. तिची पाळी येईपर्यंत भांड्याला तळ लागलेला. ती मरते आणि मग रोज घर निजल्यावर स्वयंपाकघरात येऊन बसते. कुणाचा गळा धरत नाही, कुणाच्या अंगात येत नाही. स्वस्थपणे जेवते, ताट घासून पालथं घालते आणि निघून जाते. पुस्तकभर ती एकदाही दिसत नाही. मी ती कादंबरी चुलीपुढे बसून वाचली आणि भिण्याऐवजी ढसाढसा रडले. सरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पंचा पिळत राहिले. "माही सख्खी आत्या होती," म्हणाले. "तिनंच मले वाढवलं. ती पोटभर जेवताना मी कधी पाहिली नाई, म्हणून कागदावर जेवू घातली."

या आत्येवर संत्रेवाले शेठ भाळले. शेठ म्हणजे संत्र्यांचे मोठे व्यापारी. पोट मोठं, मिशा त्याहून मोठ्या आणि मन, खरं सांगायचं तर, सगळ्यांत मोठं. एका वर्षी बागा तुफान पिकल्या आणि त्यांना हिंदी सिनेमा काढायचा झटका आला. त्यांनी सरांना शाल दिली, पाकीट दिलं आणि एका करारावर सही घेतली. सरांनी तो वाचला नाही. गणिताचा मास्तर असून आकडे सोडून सगळ्यावर विश्वास ठेवायचा त्यांचा स्वभाव! करारात लिहिलं होतं, की या गोष्टीवर शेठ हवे तितके सिनेमे काढू शकतात. किती वर्षं, ती जागा कोरीच होती.

सिनेमाचं नाव निघालं 'भूखी दुल्हन का बदला'. विधवा आत्येची दुल्हन का झाली, हा प्रश्न आम्ही गल्लीकर थिएटरात पोहोचेपर्यंत एकमेकांना विचारत होतो. सरांनी नवा कोट शिवला होता. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पडदा उघडला आणि धबधब्याखाली भिजत आत्या गाणं म्हणू लागली. मग तिला सुळे आले. मग तिने एका जमीनदाराचं रक्त प्यायलं, एका पुजाऱ्याचं प्यायलं आणि मध्यंतरानंतर, बहुधा पैसे संपत आल्यामुळे, एका बकरीचं. पुढच्या रांगेतली पोट्टी शिट्ट्या मारून हसत होती. भर थिएटरात काकूंनी मला मोठ्याने विचारलं, "ही कोन वं?" सर मात्र शेवटपर्यंत ताठ बसले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "दाराचा आवाज मस्त केला हो त्यायनं. अगदी आपल्या दारासारखा." सर न्यायी होते. पण घरापाशी सायकल-रिक्षातून उतरताना एक पाय आतच ठेवून ते थांबले. "तिले भात पाहिजे होता," ते म्हणाले. "यायनं रक्त पाजलं."

पुढे बातमी आली, की शेठ दुसरा भाग काढणार, तोही रंगीत. आता आत्या लहान पोरांचं रक्त पिणार होती. जिने घरातली पोरं भरवून मोठी केली, तिच्या हातून! सरांनी ठरवलं, की गोष्ट परत आणायची. माझ्या यजमानांनी ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कोर्टात जाता येईल, पण निकाल लागेपर्यंत सर स्वतःच दुपारी फिरायला लागतील. तेव्हा सरांनी आपला मार्ग धरला. दर रविवारी सकाळी सायकल काढून ते संत्रामार्केटात शेठच्या आडतीवर जात, समोर उभे राहत आणि म्हणत, "शेठ, आत्या द्या." शेठ गादीवरून उठून त्यांना बसवत, चहा मागवत आणि म्हणत, "सर, तुमच्यासाठी जान हाजिर हाये. पण रंगीत बनवून राहिलो न मी! काहून घाई करता?" आणि निघताना पिशवीभर संत्री देत. नको म्हटलं तर नोकराकरवी सायकलला बांधत. आत्या काही आली नाही, पण संत्री येत राहिली. गल्लीत वाटून वाटून आमच्या मुलांना सर्दी व्हायची वेळ आली. सासूबाई म्हणत, "सरांचा हक्क सोलून खा वं, खराब होऊन राहिला."

दुसरा भाग वर्षानुवर्षं रखडला. हे असंच चाललं असतं, पण एका वर्षी पोळ्याला वेगळंच घडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. गावावरची इडापीडा घेऊन जा म्हणत मारबतीचे पुतळे मिरवतात आणि शेवटी जाळतात. सोबत बडगे असतात. ज्याच्यावर लोकांचा राग, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा म्हणजे बडग्या. त्या वर्षी सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शेठचा बडग्या करायला घेतला. गळ्यात फिल्मची रिळं, तोंडाला सुळे आणि छातीवर पाटी, 'आत्या परत कर'. सरांना कळलं तेव्हा ते जेवणावरून उठून धावले. "त्या माणसाची संत्री खाल्ली बे आपण!" म्हणाले आणि बडग्याचं मुंडकं स्वतः उतरवून घरी घेऊन आले. काकूंनी ते ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, मिरवणूक निघण्याआधीच, गल्लीच्या तोंडाशी शेठची गाडी थांबली. शेठ लालबुंद होऊन आले. आम्ही बायका दारांआडून बघत होतो. आता मारामारी होणार अशी माझी खात्री होती.

"सर, माहा बडग्या थांबवला म्हणते तुम्ही?"

"हो शेठ. माफ करा. पोट्टे चुकले. मी त्यायले रागावलो."

"अन् काहून थांबवला?" शेठ गरजले. "मोठमोठ्या पुढाऱ्यायचे बडगे निघतात. माहा पहिल्यांदा निघून राहिला होता! पुऱ्या नागपुरानं पाहिला असता. पिक्चर परत लागला असता टाकीजमधी! काय बिघडवलं होतं गा मी तुमचं?"

काय बिघडवलं होतं, हे गेली कित्येक वर्षं सर दर रविवारी सांगत होते. पण काकूंना व्यवहार कळत होता. त्या पदर खोचून पुढे आल्या, कोनाड्यातलं मुंडकं उचललं आणि काखेत धरून म्हणाल्या, "बडग्या पाहिजे? आधी आत्या द्या."

शेठने मुंडक्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. असा सौदा त्यांना आडतीवर कुणी घातला नव्हता. "मिशा लहान केल्या," ते म्हणाले. "वाढवून देऊ," काकू म्हणाल्या. गाडीतून मुनीम आला. त्याने ओट्यावर बसून लिहून दिलं, की या गोष्टीवर आजपासून शेठचा काही हक्क नाही; शेठने सही केली आणि माझ्या यजमानांनी साक्ष घातली. कागद हातात आल्यावर काकूंनी आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाणी आणलं. सासरहून लेक आली की उंबऱ्यावर ओवाळतात, तसा तो तुकडा त्यांनी कागदावरून ओवाळून टाकला. सर हसत होते आणि पंच्याने डोळे पुसत होते. मिरवणुकीत शेठ स्वतः आपल्या बडग्यापुढे नाचले. पुढच्या आठवड्यात सिनेमा खरंच परत लागला आणि लोकांनी तो हसायला म्हणून गर्दी करून पाहिला. सरही गेले. या खेपेला त्यांना बकरीचं काम आवडलं.

नंतर मुंबईहून एक दिग्दर्शक येऊन गेला. सरांच्या अटी दोनच होत्या. आत्या दिसायची नाही आणि तिला जेवू द्यायचं. "मग पडद्यावर दाखवू काय?" असं म्हणून तो परत गेला. मग रेडिओवरची एक मुलगी आली. अटी ऐकून तिने विचारलं, "ती काय काय जेवते?" सरांनी तिला काकूंच्या हातचं जेवूनच जायला लावलं.

ते नभोनाट्य लागलं त्या संध्याकाळी आमच्या घरी पुरुषांची जेवणं झाली होती. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात, माजघरात रेडिओ, तिथे मामंजी आणि यजमान. गल्लीतल्या प्रत्येक दारातून तोच आवाज येत होता. आत्येला एकही वाक्य नव्हतं. दार करकरलं, पाट सरकला. पळीने भात वाढल्याचा आवाज, वरण ओतल्याचा आवाज. मग कितीतरी वेळ एक बाई सावकाश, मन लावून जेवत होती. एवढंच. मी भ्यायले. खरोखर अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी लग्न झाल्यापासून आमच्या घरात ऐकलाच नव्हता.

नाटक संपलं. मी रोजच्यासारखं सासूबाईंचं पान घेतलं आणि वाढायला उभी राहिले. त्यांचं झालं की उरेल ते माझं. त्यांनी माझा हात धरला. "मी बी जन्मभर भांड्याचा तळच खरवडला वं," त्या म्हणाल्या. "तू बस. आताच बस." भांडं त्यांनी दोघींच्या मधे ओढलं. तेवढ्यात दारात मामंजी आले. आयुष्यात कधी ते स्वयंपाकघराचा उंबरा चढले नव्हते. "मी वाढू का?" असं विचारून त्यांनी पळी उलटी धरली आणि अर्धं वरण माझ्या पदरावर सांडलं. सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

आता सर नाहीत, काकू नाहीत. गोष्टीचे हक्क काकूंनी जाताना माझ्या नावे केले. सिनेमावाले अजून अधूनमधून येतात, मी दोन अटी सांगते आणि ते जातात. पण नभोनाट्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर जाऊन सरांना आमच्याकडची हकिकत सांगितली, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वरण सांडलं तेही पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आत वळून काकूंना हाक मारली.

"ऐकलं का वं? समोर दोघी पोटभर जेवल्या."