शांत रंग

रंगाऱ्याला किळस फार लवकर यायची. ऑफिसातला कप तो तोंडाला लावत नसे, नळाची चावी आधी धुऊन मग फिरवी, आणि कोणी त्याच्या स्क्रीनवर बोट टेकवून "हे बघा, इथे" म्हणालं की तो त्या बोटाकडे असा बघे, की बोटाचा मालक आपोआप मागे सरके. मग खिशातला मऊ कपडा काढून काच पुसणं आलंच. पन्नाशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं. केलं असतं तर बायकोलाही आधी धुऊन घेतली असती, असं ऑफिसातलं एकमत होतं.

रंगारी हे नाव पडलं कामावरून. त्याची कंपनी एक एडिटर बनवायची. प्रोग्राम लिहिणारे लोक ज्या खिडकीत बसून लिहितात, ती खिडकी. तिच्यात शब्द टाइप झाले की ते आपोआप रंगतात. हुकमाचे शब्द निळे, आकडे नारिंगी, अवतरणातला मजकूर हिरवा. आणि माणसांनी माणसांसाठी लिहून ठेवलेल्या कॉमेंट राखाडी, कारण कॉमेंट कॉम्प्युटर वाचतच नाही, वगळून पुढे जातो. हे रंग कशाला कधी द्यायचे त्याचे नियम हा गृहस्थ वर्षानुवर्षं एकटा लिहीत आला होता.

बघणाऱ्याला वाटतं, एडिटरला प्रोग्राम समजतो. समजतो कसला! त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो नुसती तोंडं ओळखतो. अवतरणचिन्ह दिसलं, की आता मजकूर सुरू. कॉमेंट उघडण्याची खूण दिसली, की आता राखाडी, बंद करण्याची खूण येईपर्यंत. ओळ संपली की तो पुढच्या ओळीसाठी निरोप ठेवतो, "आपण अजून कॉमेंटमध्येच आहोत हं." पुढची ओळ तो निरोप घेऊन सुरू होते. तुम्ही मध्येच एक अक्षर बदललंत, तर तिथपासून खाली पुन्हा रंगवत जायचं, आणि ज्या ओळीशी नवा निरोप नि जुना निरोप जुळला तिथे थांबायचं. खालचं सगळं आधीच बरोबर आहे. ही थांबायची जागा रंगाऱ्याने इतकी सुबक बसवली होती, की तेवढ्याबद्दल बोलताना त्याच्या कपाळावरची आठी जायची.

पण निरोप खरा ठेवायचा तर एक त्रास होतोच. कोणी कॉमेंट उघडली आणि बंद केली नाही, तर खालची अख्खी फाइल क्षणात राखाडी होते. बंद केली की पुन्हा रंगीत. लोकांनी तक्रारी केल्या. रंग लुकलुकतात, डोळे दुखतात, स्वस्त वाटतं.

तक्रारींवर मीटिंग बसली. साहेब गुळगुळीत माणूस होता. गाल गुळगुळीत, बोलणं त्याहून गुळगुळीत. त्याआधीची अख्खी मीटिंग राखाडीची कुठली छटा जास्त श्रीमंत दिसते यावर गेली होती.

"उपाय साधा आहे," साहेब म्हणाले. "उघडलेली कॉमेंट दोनशे ओळींत बंद झाली नाही, तर आपण ती बंद झाली असं धरायचं. पुढे नेहमीचे रंग. नाव द्यायचं, शांत रंग."

"साहेब, पण कॉमेंट खरंच मोठी असली तर? कॉम्प्युटर तो भाग वगळणार आणि आपण तो जिवंत असल्यासारखा रंगवून दाखवणार. ते खोटं होईल."

"अहो, रंगात कसलं खरं-खोटं? रंग म्हणजे सजावट!"

सगळे हसले. रंगारी उठला. जागेवर परतला आणि दुपारच्या चहाआधी काम उरकून मोकळा झाला. नळाची चावी धुऊन घेणारा माणूस, पण शेण खायचं तेव्हा हात न धुताच खाल्लं. साहेबांनी वर आणखी एक सांगितलं. रंग बंद करायचं बटण समोर दिसलं की लोक ते दाबतात, तेव्हा ते आत कुठेतरी सरकवा. तेही त्याने सरकवलं.

रंगारी थोरल्या बहिणीकडे राहायचा. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताई आणि तिची मुलगी चिंगी, एवढंच घर. चिंगी प्रोग्रामिंग शिकली ती मामाच्या एडिटरवर, आणि बऱ्याच खटपटीनंतर तिला एका शीतगृहात नोकरी लागली होती. मासळी गोठवून ठेवण्याच्या मोठमोठ्या खोल्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा एक जुना प्रोग्राम. चिंगीने तो सांभाळायचा. सहा महिने कच्ची नोकरी, पास झाली तर पक्की. ताईने तेव्हापासून शिवणाची बाहेरची कामं घेणं कमी केलं होतं, कारण तिला सुईत दोरा ओवताना आता दिसत नसे.

मग एका सोमवारी ताईचा ऑफिसात फोन आला. "चिंगीला काढून टाकताहेत. तिच्यामुळे मासळी नासली म्हणे. तू जा बाबा तिकडे, मला काही कळत नाहीये."

वास त्याला फाटकाबाहेरच भेटला. आत गेल्यावर तो वास राहिला नाही, अंगाला चिकटणारा पदार्थ झाला. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि माणसं फावड्यांनी मासळी ओढून बाहेर काढत होती. डोळे पांढरे पडलेली, पोटं फुगून फुटलेली, एकमेकांत विरघळलेली. जमिनीवरून तपकिरी पाणी त्याच्या बुटांकडे आलं. रंगारी भिंतीला धरून ओकला. कोणी हसलं नाही, तिथे सगळ्यांचंच ते करून झालं होतं.

चिंगी ऑफिसच्या कोपऱ्यात बसली होती. रडून झालेलं होतं. मालक नाकाला रुमाल लावून उभा होता.

"विचारा तुमच्या भाचीला," तो म्हणाला. "आमचा माणूस दर तासाला खोल्यांतली थर्मामीटरं बघत फिरायचा. मी हिला विचारलं, धोक्याची घंटा चालू आहे का, म्हणजे त्या माणसाला दुसरं काम देतो. ही म्हणाली, चालू आहे, मी स्वतः बघितलं. सुट्टीत मशीन बंद पडलं. घंटा वाजलीच नाही."

"मी बघितलं होतं, मामा," चिंगी म्हणाली. "खरंच बघितलं होतं."

तिने फाइल उघडली. मामाचाच एडिटर. घंटेचा भाग समोर आला, निळा, नारिंगी, हिरवा, अगदी टवटवीत. रंगाऱ्याने खुर्ची ओढली आणि वर वर जायला सुरुवात केली. रंगीत ओळी, आणखी रंगीत ओळी, मग एकदम राखाडी. राखाडीच्या सुरुवातीला कॉमेंट उघडण्याची खूण. नवी दारं बसवताना घंटा उगाच वाजू नये म्हणून चिंगीच्या आधीच्या कोणीतरी सबंध भाग कॉमेंटमध्ये टाकून बंद केला होता आणि पुन्हा चालू करायचं विसरला होता. बंद करण्याची खूण घंटेच्याही खाली होती. दोनशे ओळी राखाडी, आणि पुढे शांत रंग.

घंटा मेलेली होती. तिला रंग त्याने फासला होता.

"एकदा खोलीतलं थर्मामीटर कोमट पाण्यात बुडवून बघायचंस गं," तो हळूच म्हणाला. "वाजते का ते."

"रंग दिसत होता ना," चिंगी म्हणाली.

रंगारी खुर्चीतून उठला.

बाहेर येऊन त्याने साहेबांना फोन लावला. झालं ते सांगितलं आणि म्हणाला, कंपनीकडून दोन ओळी हव्यात, की एडिटरने चुकीचं दाखवलं.

"छे छे," साहेब म्हणाले. "रंगांवर कोणी विसंबावं असं आपण कुठे म्हटलंय? रंग म्हणजे सजावट. मुलीने नीट वाचायला नको होतं? आणि हे बघा, भाची तुमची आहे तशी नोकरीही तुमचीच आहे. तिथे आमच्या वतीने काही बोलू नका."

आवाज तोच, लोणी लावलेला. रंगाऱ्याने फोन कानापासून लांब धरला आणि बंद केला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर इतक्या गोड आवाजात देऊ नये, असं त्याला वाटलं. पण मग हेही वाटलं, की चोर एकटा साहेब नाही. साहेबांनी सांगितलं, हात याचे होते.

तो आत गेला आणि मालकासमोर उभा राहिला. "हे रंग मी लावतो. माझं काम आहे ते. बंद असलेला भाग चालू दिसेल असा नियम मी माझ्या हाताने घातला. खोटं आहे हे मला ठाऊक होतं."

मालकाने रुमाल खाली घेतला. "मग हिने खातरी करायला नको होती?"

"हवी होती. ती तिची चूक. पण तिने जे बघितलं ते मी दाखवलं होतं. लिहून हवं असेल तर लिहून देतो, सहीनिशी."

"सकाळपासून मशीनवाला म्हणतोय वायरिंगचं असेल, वायरवाला म्हणतोय मशीनचं असेल," मालक म्हणाला. "माझं चुकलं म्हणणारे तुम्ही पहिले. त्याने माझी मासळी जिवंत होत नाही." तो चिंगीकडे वळला. "सहा महिने होईपर्यंत ठेवतो. पण 'मी बघितलं' हे मला पुन्हा ऐकायचं नाही. वाजवून दाखवायचं." आणि तो फावडीवाल्यांकडे गेला.

रंगाऱ्याने तिथेच उभ्या उभ्या साहेबांना निरोप धाडला. नियम मी घातला, उद्या मीच काढतो, मला ठेवायचं की नाही ते तुम्ही बघा. उत्तर आलं की नाही, ते त्याने बघितलं नाही.

चिंगी स्क्रीनसमोर बसून होती. "मामा, हे रंग बंद करता येतात का रे?"

"येतात."

"कुठून? मला तर कधी सापडलं नाही."

सापडणार कसं? तो तिच्या खांद्यावरून वाकला. या वेळपर्यंत त्याच्या हातालाही तो वास लागला होता आणि बोटं चिकट झाली होती. त्याने बोट सरळ काचेवर टेकवलं. "हे बघ, इथे. मग याच्या आत. मग तळाशी."

तिने बटण दाबलं. निळं, नारिंगी, हिरवं, राखाडी सगळं गेलं आणि पांढऱ्यावर नुसती काळी अक्षरं उरली. मामाचं आयुष्यभराचं काम पुसलं गेलं होतं आणि चिंगीच्या ते ध्यानातही आलं नाही. ती वरपासून एकेक ओळ वाचायला लागली, ओठ हलवत, काचेवर बोट सरकवत, पहिलीतलं पोर वाचतं तशी. बोटामागे चिकट रेघ उमटत होती. घंटेच्या खालची खूण आली तिथे ती थांबली.

"इथे संपते कॉमेंट," ती म्हणाली.

"हं," रंगारी म्हणाला. "पुढे वाच."

मऊ कपडा त्याच्या खिशात होता. त्याने तो काढला नाही.