काठावर कोणाला ठेवायचं नाही

मी दिल्लीला निघाले त्या सकाळी आमची अख्खी वाडी मला पोचवायला होडीत बसली. खाडीच्या एका काठावर आमची घरं, दुसऱ्या काठावर एसटीचा थांबा, आणि मधली होडी बाबांची. निरोप खरं तर अंगणातच द्यायचा असं ठरलं होतं. पण एक जण म्हणाला, पलीकडपर्यंत येतो, मग दुसऱ्याला राहवेना. शेजारची फातिमाचाची आली, तिच्यामागे तिच्या सुना आल्या, शाळेतले गुरुजी आले, आणि दोन माणसं तर निव्वळ ‘एवढे सगळे चाललेत कुठे’ हे बघायला आली. मला बसायला जागाच उरली नाही, म्हणून मी माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसले. पाणी होडीच्या कडेला लागून चाललं होतं. लाट आली की पुढच्यांची लुगडी भिजायची आणि सगळे हसायचे. मीही हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. भीती मात्र कोणालाच वाटली नाही, मलाही नाही.

बाबा सुकाणू धरून उभे होते. ते तसे अबोल, पण एक वाक्य ते रोज आणि सगळ्यांना म्हणायचे, “काठावर कोणाला ठेवायचं नाही, सरका जरा.” होडी कितीही भरलेली असो, धक्क्याकडे धावत येणारा माणूस दिसला की त्याला आत घ्यायचा, ही आमच्या खाडीची रीत. आजारी माणूस, नवी नवरी, माशांच्या पाट्या, शेळी, सगळं त्यात मावायचं. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन घरंसुद्धा होडीत मांडीला मांडी लावून बसायची. तुम्ही वाडीतले सगळे त्यातच वाढलात, तुम्हाला मी नवीन काय सांगणार? मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

आईने एसटीच्या खिडकीतून हात धरून ठेवला होता. म्हणाली, “तिकडे थंडी फार असते म्हणतात. आणि हे बघ, कोणाला उगाच टोकत बसू नकोस. तुला खोड आहे ती.” त्या खोडीसाठी पुढे सरकार मला पगार देईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

मी रेल्वे सिग्नलची इंजिनिअर. पहिली दोन वर्षं दिल्लीत मुनिरकेतल्या एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत काढली. उन्हाळ्यात नळाला चहा करण्याइतकं गरम पाणी यायचं आणि हिवाळ्यात त्याच नळाला हात लावायची हिंमत होत नसे. खालच्या गल्लीत सगळी माझ्याच वयाची मुलंमुली, सगळी कुठून कुठून आलेली, आणि सगळी घाईत. मी चुकून एकदा जिन्यात एकीला विचारलं, “जेवलीस का?” तिने घाबरून विचारलं, “क्यों, क्या हुआ?” त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे कळेल. आपण नवी भाषा शिकतो त्याहून जास्त, काय बोलायचं नाही ते शिकतो.

नोकरीत मी चढत गेले. आज उपनगरी गाड्या आणि प्रवासी बोटी यांची सुरक्षितता तपासणाऱ्या एका विभागाची मी प्रमुख आहे. सुरक्षा म्हटलं की लोकांना बंदूकवाला आठवतो. माझं काम त्याहून खूप रुक्ष आहे. मी स्टेशनवर जाते तेव्हा गाडी बघत नाही, फलाटाची कड बघते. पूल बघत नाही, पुलाचा जिना कुठे अरुंद होतो ते बघते. पलवलकडच्या गाडीत दूधवाले खिडकीच्या बाहेर कॅन टांगतात. मी म्हटलं काढा, की ते हात जोडून म्हणतात, “मॅडम, सालों से ऐसे ही चल रहा है, कुछ नहीं हुआ.” हे वाक्य मी देशातल्या बहुतेक सगळ्या भाषांतून ऐकलं आहे, आणि ते ऐकलं की मी आणखी बारकाईने बघायला लागते. कारण अपघाताच्या चौकशीला जाते तेव्हाही लोक मला हेच सांगतात, फक्त रडत सांगतात.

या कामाची एक गंमत आहे, म्हटलं तर. कुठेही गेले तरी माझ्या येण्याचा आनंद कोणाला होत नाही. आणि काम चांगलं झालं, तर काहीच घडत नाही. जो अपघात झालाच नाही त्याच्याबद्दल कोण येऊन पाठ थोपटणार? संध्याकाळी घरी येते, सरकारी क्वार्टरचं कुलूप काढते. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर जुने पेपर ठेवायची सवय लागली आहे. लग्न केलं नाही, त्याचं दुःख नाही. पण दिवसभरात कोणी नुसतं ‘काय गो’ म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

माणसांत जायचे प्रयत्न केले. करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेले, तर आरती चालू असताना माझं लक्ष मांडवाच्या एकुलत्या एक दरवाजाकडे. चिटणीसांना म्हटलं, “मागून आणखी एक वाट मोकळी ठेवा ना.” ते हसून म्हणाले, “ताई, आज तर सुट्टी घ्या ना यार! चलो, प्रसाद घ्या.” वाट त्यांनी पुढच्या वर्षी केली. मला बोलवायचं मात्र राहून गेलं. कधी रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला जाते. आमटीची चव वाईट नसते. शेजारच्या टेबलावर कोणीतरी कामासाठी दिल्लीला आलेलं असतं, दोन वाक्यं मराठीत बोलतं आणि घड्याळ बघून उठतं.

बाबा गेल्यावर होडी दादाकडे आली. होडीची बोट झाली, इंजिन मोठं झालं, रीत तीच राहिली. मी फार तर वर्षाआड गावी जायचे. तेवढ्यात आमच्या घरच्यांचा आणि वाडीचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि माझं दिल्लीचं घर थोडं भरल्यासारखं झालं. कोणाची गाय व्याली, कोणाचं पोर पास झालं, आईने कोणती भाजी केली, सगळं कळायचं. मी रोज रात्री जेवताना तो ग्रुप समोर ठेवायची.

गणपतीत वहिनीने त्यावर एक व्हिडिओ टाकला. बोटीत मधोमध गणपती, भोवती सगळी वाडी, ताशा, गुलाल, आणि सुकाणूवर दादा बाबांसारखाच उभा. खाली वहिनीने लिहिलं होतं, ‘आपली बोट, आपली माणसं.’ भराभर बदाम आणि हात जोडलेले आले. मीही पहिल्यांदा बघताना हसले. दुसऱ्यांदा बघितलं आणि घास हातात राहिला. पाणी बोटीच्या कडेपासून जेमतेम चार बोटं खाली होतं. बुडू न देणारी जाकिटं होती, पण कोणी नेऊ नये म्हणून छताला दोरीने घट्ट आवळून बांधलेली. आई गणपतीच्या अगदी जवळ बसली होती, आणि टाळ्या वाजवत होती.

मी दादाला फोन केला. सुरुवातीला तो चेष्टेत घेत होता. “काय गो सुले, साहेबीण झालीस म्हणून आम्हाला पण तपासणार?” मी सांगत राहिले, तशी त्याची थट्टा आटत गेली. शेवटी तो म्हणाला, “बाबांपासून चालू आहे. इतकी वर्षं काही झालं नाही.”

दूधवाल्यांच्या तोंडून हे वाक्य सोसता येतं. सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलं आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी ऑफिसात मी सगळं त्यागींच्या हाती दिलं. त्यागी माझे सहकारी, गाझियाबादचे, जपून बोलणारे. व्हिडिओ त्यांनी थांबवत थांबवत दोनदा बघितला. मग म्हणाले, “मॅडम, ये तो आपका अपना घाट है. फोन पर समझा दीजिए ना.” मी म्हटलं, समजावून झालं. बोट माझ्या भावाची, तेव्हा तपासणी मी करणार नाही, निर्णयही मी घेणार नाही. तुम्ही करा, आणि माझा भाऊ म्हणून काही सोडू नका. ते म्हणाले, “बिल्कुल.” आणि त्यांनी खरंच काही सोडलं नाही. बोट बंद झाली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्ही सोसलंत. बोटीचा तळ नव्याने बांधायचा, किती माणसं बसवायची ते बाहेरून रंगवायचं, जाकिटं प्रत्येकाच्या अंगावर, आणि तोवर फेरी नाही. शाळेच्या पोरी खाडीला वळसा घालून रस्त्याने जायला लागल्या. मासेवाल्या बायकांचा बाजार चुकायला लागला. फातिमाचाचीला दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत दिवस वर आला. ती बरी होऊन घरी आली हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर मी रोज तिच्या नावाने घाबरत होते. दिल्लीत बसून सुलीच्या पोटात दुखतंय, असं कोणी कोणी म्हणालं, तेही कानावर आलं.

ग्रुपमधून मला कोणी काढलं नाही. तेवढं वाईट तुम्ही कोणीच वागला नाहीत. फक्त तो गप्प झाला. मी दिवाळीला सगळ्यांना शुभेच्छा पाठवल्या, त्यावर एका चुलत भावाचा अंगठा आला. मग एकदा वहिनी फोनवर बोलता बोलता म्हणाली, “फोटो टाकला होता की नव्या ग्रुपवर,” आणि एकदम थांबली. मीही ‘हो का’ म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मी खूप वेळ रडले. एवढ्या मोठ्या दिल्लीत मी इतकी वर्षं एकटी राहिले, पण एकटी पडले ती त्या दिवशी.

दादा फोनवर यायचाच नाही. आई यायची, हवापाण्याचं बोलायची. एकदाच म्हणाली, “तुझं बरोबरच असेल. पण इकडे फार वाट बघावी लागते गो.” बरोबर असल्याचा त्या वेळी मला काडीचा उपयोग नव्हता. त्या हिवाळ्यात धुकं असं पडायचं की समोरच्या क्वार्टरचा दिवा दिसेना, आणि मला ते बरंच वाटायचं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आईचा फोन आला. “बोट सुरू झाली. आता ये.” दादाने सांगितलंय का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. रजा टाकली आणि निघाले.

एसटीतून उतरले तेव्हा बोट धक्क्याला लागलेली होती. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं ओळीने बसली होती, आणि पहिल्या नजरेत त्यातलं कोणी मला ओळखू आलं नाही. मी बॅग घेऊन धावले. आधी फातिमाचाचीच्या धाकट्या सुनेने मला बघितलं. तिने लगेच पोराला मांडीवर घेतलं आणि हाक मारली, “ये गो सुले, ये! सरकतो आम्ही.” तिच्या शेजारचीही सरकली. एका म्हाताऱ्याने पाय आवरून घेतले. कोणाच्या डोळ्यात राग नव्हता. मी एक पाय पुढे टाकलाही होता.

“कोणी सरकायचं नाही,” दादा म्हणाला. तो सुकाणूपाशी उभा होता, केस खूप पिकलेले. “बोट भरली.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “पुढच्या फेरीला.”

इंजिन सुरू झालं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. आमच्या खाडीच्या काठावर माणूस ठेवून बोट गेलेली मी जन्मात प्रथम बघत होते, आणि तो माणूस मी होते. मला लाज वाटली. राग आला. माझ्याच घरच्या धक्क्यावर मला उभं ठेवलं होतं. आणि त्याच वेळी माझी नजर आपोआप पाण्याकडे गेली. बोटीची कड पाण्याच्या चांगली वीतभर वर होती. लाट आली, तिच्या अंगाला लागून गेली, आणि कोणाचाही पदर भिजला नाही.

घर म्हणजे जिथे आपल्यासाठी कोणीतरी सरकतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. दिल्लीत कोणी सरकलं नाही म्हणून दिल्लीला कधी घर म्हटलं नाही. आता घरानेही मला जागा नाही म्हणून सांगितलं होतं. दादाने हे मला शिक्षा म्हणून केलं, की माझं ऐकलं म्हणून केलं, हे मला कळेना. कदाचित दोन्ही असेल. मी बॅगेवर बसले आणि पलीकडे बघत राहिले. माणसं एकेक करून उतरली, जाकिटं काढून बोटीत ठेवली, वर वाडीकडे चालू लागली. दुपारच्या उन्हात परतीला कोणी प्रवासी नव्हतं. अशा वेळी बोट बांधून ठेवतात, चार माणसं जमेपर्यंत सोडत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. म्हणजे आता तास-दीड तास इथेच.

दादाने बोट बांधली नाही. त्याने ती तिथल्या तिथे वळवली. रिकामी बोट पाण्यावर खूप उंच दिसते. तशीच ती मला दिसत होती, आणि त्यात दादा एकटा उभा होता, एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी काढून ठेवलेलं जाकीट.