नंबरात उभा डबा: ग्लेन वेव्हर्ली ते सिडनी, विजेच्या गाडीने

तीन महिन्यांसाठी आले होते, दहा महिने अडकले. फेब्रुवारीत मेलबर्नला उतरले, मार्चमध्ये करोना आला, जगाने दार लावून घेतलं, आणि मी ग्लेन वेव्हर्लीत मुलाच्या घरी खिडकीतून शेजाऱ्याचं गवत मोजत बसले. तक्रार नाही. सून चांगली आहे, तिच्याच ब्लॉगवर हे लिहितेय. पण नोव्हेंबरात मिरजेहून फोन आला की अक्का पडल्या, खुबा मोडला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पंचेचाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात भांडलो आम्ही. आता त्या एकट्या, शेजारीण डबा देणार, आणि अक्का तिच्या भाजीला नावं ठेवणार. मला जायलाच हवं होतं.

भारतात जायचं खास विमान सिडनीहून होतं, मेलबर्नहून नाही. यादीत नाव लागलं. दुपारी एकला विमानतळावर हजर व्हायचं, चुकलं तर पुढची यादी कधी ते कुणालाच ठाऊक नाही. सिडनीला जाणारं छोटं विमान दोनदा रद्द झालं. तेव्हा मंदार, माझा मुलगा, म्हणाला, "आई, राज्याची सीमा उघडलीय. आपण गाडीनेच जाऊ."

"त्या विजेच्या?"

"हो. एकदम सेफ."

इथेच मी ओळखायला हवं होतं.

पहिला दिवस

पहाटे निघालो. गाडी सुरू झालेली कळत नाही, मी दोनदा विचारलं, "लागली का?" तोवर आम्ही हायवेला होतो. रस्ता सरळ, दोन्हीकडे वाळकं गवत, मेंढ्या, मधूनच मेलेलं कांगारू. स्टेअरिंगसमोर आकडा लिहिलेला असतो, अजून किती किलोमीटर जाईल त्याचा. निघताना तीनशे दोन होता. शंभर किलोमीटर गेलो तर आकडा दीडशेने खाली आला.

"बाकीचे पन्नास कुठे गेले?"

"वारा समोरून आहे. शिवाय एसी."

वारा समोरून आला तर पेट्रोल सांडतं का? मला तरी माहीत नाही. एसी बंद केला. मग आम्ही दोघं घामाघूम, आणि आकडा तरीही त्याच्या मर्जीनेच उतरत राहिला.

पहिला थांबा एका गावातल्या पार्किंगमध्ये. खांब उभा, त्याला जाड काळी नळी. माणूस कोणी नाही. पेट्रोल पंपावर निदान भांडायला कोणीतरी असतो. मंदारने फोन काढला. या खांबाचं ॲप वेगळं, पुढच्याचं वेगळं, फोनमध्ये अशी पाच. त्यातून काही गाड्यांचं तोंडच निराळं, त्यांना ही नळी बसत नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण पाण्याच्या पाइपाचे इतके प्रकार आमच्या नगरपालिकेनेही केले नसते.

पाऊण तास लागतो. तेवढ्यात धपाटी खाल्ली, स्वच्छतागृह पाहिलं (उत्तम, कागद पुरेसा), मास्क लावून दोन चकरा मारल्या. मंदार म्हणाला, दोन कॉफींच्या पैशात झालं. मग एक कॉफी प्यायलो, तिला चव नव्हती.

सीमेवर पोलीस नव्हते, नुसते बाजूला सारलेले अडथळे. असे दोन थांबे आणखी करून संध्याकाळी कॅनबेऱ्यात गुंगालिनला पोचलो. तिथे माझी भाची प्राजक्ता राहते. गाडीत बारा टक्के उरले होते.

"मावशी, नो वरीज! गॅरेजमध्ये प्लग लावून ठेवू, सकाळपर्यंत सत्तर टक्के होईल," प्राजक्ता म्हणाली.

लावला. जेवलो. इथला नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याचं तोंड, तरी रात्री दात वाजत होते.

दुसरा दिवस

सकाळी साडेसहाला मंदार गाडीत बसला तो ओरडतच बाहेर आला. बारा टक्के. जसेच्या तसे.

"सॉकेट गेलं असेल," प्राजक्ता म्हणाली. "घर रेंटचं आहे ना, एजंट काही बघतच नाही."

मी तिच्या मागे उभी होते. झोपायच्या आधी मी घरभर फिरते, सगळी बटणं बंद करते. मिरजेत करते, ग्लेन वेव्हर्लीत करते, गुंगालिनमध्येही केली. गॅरेजमधलं एक बटण चालू दिसलं, तेही दाबलं. बोलले नाही. आधी पोचू, मग बघू, असं मनाला सांगितलं.

जवळच्या सार्वजनिक चार्जरला गेलो. दोन खांब. एकावर कागद चिकटवलेला: बंद. दुसऱ्याला पांढरी गाडी जोडलेली, शेजारी घडीच्या खुर्चीवर एक गोरे आजोबा, पायाशी कुत्रं. त्यांच्यामागे निळी गाडी, तिच्यात एक पंजाबी बाई. आणि आमच्याबरोबरच आत शिरलेली लाल गाडी, टपावर मासे पकडायच्या काठ्या. सगळे लांब लांब, मास्क लावून. रांग म्हणावी तर कोणी रांगेत नाही.

मंदारने हिशेब केला. प्रत्येकाचा तास धरला तर आमचा नंबर दहाला. सिडनी तीन तासांवर, वर वाटेत आणखी एकदा थांबायचं. विमान गेलं.

तो उतरला आणि लालवाल्याशी इंग्रजीत बोलायला लागला. आवाज दोघांचेही चढले.

"काय म्हणतोय?"

"म्हणतो तो आधी आला. आई, आपण आधी होतो ना?"

नव्हतो. तो गेटातून आमच्या पुढे शिरला होता, लांब लावली म्हणून मंदारला दिसला नाही.

तेवढ्यात पंजाबी बाई जवळ आली. हरप्रीत तिचं नाव, सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलात नर्स. "आंटीजी, फ्लाइट है आपकी? बेटे ने बताया, घर का सॉकेट ख़राब था। बुरा हुआ।" ती लालवाल्याशी बोलली. तो खांदे उडवून काहीतरी म्हणाला. हरप्रीत म्हणाली, "मान गया। पहले आप लगा लो।"

फुकटात नंबर मिळत होता. घ्यायला हवा होता. पण नळावर आयुष्य गेलंय माझं. खोटं सांगून पुढे घुसणाऱ्या बाईचा हंडा मी स्वतः लाथेने उडवलेला आहे.

"सॉकेट चांगलं होतं," मी म्हटलं. "बटण मी बंद केलं."

मंदार गर्रकन वळला. "आई! आणि मी सकाळपासून प्राजक्ताच्या एजंटला शिव्या देतोय!"

"त्याही थांबव. आणि पिशवीतले डबे आण."

आमच्या गल्लीत नळ होता तेव्हा बाया घरी कामं करत, रांगेत हंडे उभे असत. हंडा म्हणजे बाई. पाणी कमी आलं की पहिल्या फेरीत प्रत्येकीला एकच हंडा, दुसरा हवा तर पुन्हा मागे. मी स्टीलचे चार डबे फुटपाथच्या कडेला ओळीने मांडले. लाडवांचा आजोबांचा, मेतकुटाचा हरप्रीतचा, धपाट्यांचा लालवाल्याचा, चटणीचा आमचा. शेवटी.

"आता सांग त्यांना. पुढच्या खांबापर्यंत पुरेल तेवढंच घ्यायचं. टाकी भरायची नाही."

मंदार लाजत लाजत सांगायला लागला. आजोबांची गाडी ब्याण्णववर होती. मंदार म्हणाला की शेवटचे वीस टक्के भरायला आधीच्या साठाइतका वेळ लागतो. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. आजोबांना जायचं होतं वीस किलोमीटरवर बहिणीकडे.

"मग ब्याण्णव कशाला?"

मंदारने विचारलं. आजोबा हसले. "हॅबिट, मेट." नळी काढून स्वतःच हरप्रीतच्या गाडीला दिली. जाताना त्यांना लाडू दिला, कुत्र्यानेच खाल्ला.

हरप्रीतने वीस मिनिटं घेतली. लालवाला कुरकुरत होता, त्याला समुद्रावर जायचं होतं.

"भाईसाब, मछली भागेगी नहीं," हरप्रीत त्याला म्हणाली. तो भारतीय नव्हता, एक अक्षर कळलं नाही, पण सूर कळला असावा. पंचवीस मिनिटांत हटला. आमचा नंबर आला तेव्हा आठ वाजले होते. मागे हिरवी गाडी येऊन थांबली, तिच्या नावाने चटणीचा डबा पुढे सरकवला. पाऊण तासाने निघालो.

वाटेत पंधरा मिनिटांचा आणखी एक थांबा. तिथे तिन्ही खांब रिकामे. असं का, हेही कळलं नाही. एकला दहा कमी असताना विमानतळावर होतो. मंदार मिठी मारायला आला, मी म्हटलं, अंतर ठेव, आत सोडणार नाहीत. मग त्याने लांबूनच विचारलं, "आई, आता तिकडे काय काय बंद करणार आहेस?"

जाणाऱ्यांना एवढंच सांगते. विजेच्या गाडीने जा, रस्ता सुंदर आहे. पण ॲप आदल्या दिवशी घालून घ्या, खायचं बरोबर ठेवा, आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर प्लगवर चिकटपट्टी लावा.

मुंबईत सात दिवस हॉटेलात कोंडून घेतलं आणि मग मिरजेला पोचले. अक्का पलंगावर, पाय उशीवर, शेजारणीची भाजी ताटात तशीच. माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"आलीस? माझा डबा कुठाय?"

पिशवीत तीनच निघाले. हिरव्या गाडीपुढे ठेवलेला चटणीचा डबा तिथेच राहिला होता, आणि तो अक्कांचा, बुडाशी त्यांचं नाव कोरलेला. लग्नातला. चटणीसकट गेला म्हटल्यावर अक्कांच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो संध्याकाळपर्यंत. शेजारीण मला म्हणाली, पडल्यापासून पहिल्यांदा एवढं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मंदारचा फोटो आला. कामासाठी तो सिडनीतच राहिला होता, आता परत जाताना त्याच खांबाला थांबला होता. फुटपाथच्या कडेला डबा होता, कोणीतरी धुऊन पालथा ठेवलेला, नाव वर. त्याच्यामागे ओळीने एक कॉफीचा कप, एक टोपी आणि लहान मुलाची एक चप्पल. मंदारने लिहिलं होतं, "आणू का?"

अक्कांनी चष्मा लावला. फोन डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहिला.

"हे माझं नाव?"

"हो."

"पहिलं आहे?"

"पहिलं."

"मग सांग त्याला, उचलू नको म्हणावं. नंबर जाईल."