रिकाम्या स्लॅबवरचं वजन

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगते – हसण्यासाठी वाचायचे. हॉस्टेलच्या रूमवर एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी त्यातल्या गफलती काढायच्या, असा आमचा खेळच होता. आमचं घर बौद्ध. दाराला कधी लिंबू-मिरची बांधली नाही, कुणाची दृष्ट काढली नाही. लहानपणी मी बाहेरून भुताचं काही ऐकून आले की पप्पा एवढंच म्हणायचे, "असं? मग मोजून दाखव." ते एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. त्यांना सगळं मोजूनच लागायचं.

माझी अडचण नेमकी इथेच आहे. मी मोजलंय.

तेव्हा मी नांदेडला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करत होते. विषय होता – सिमेंट कमी करून त्याजागी औष्णिक वीज केंद्रातली राख घातलेलं काँक्रीट. लॅबमध्ये ठोकळे फोडून झाले, बीम मोडून झाले. मग गाईड सर म्हणाले, "प्रज्ञा, खऱ्या इमारतीतला एक तरी स्लॅब तपासल्याशिवाय थिसिसला वजन येणार नाही." त्याच सुमारास आमच्या मुखेडला एका संस्थेची अभ्यासिका बांधून होत होती. खाली मुलांचा हॉल, वर मुलींचा. सरांच्या ओळखीनं मधला स्लॅब – म्हणजे खालच्या हॉलचं छत – माझ्या राखेच्या मिश्रणानं टाकला. वरच्या हॉलमध्ये चाळीस मुली बसणार होत्या. त्यातली एक माझी धाकटी बहीण मयूरी. तिची नीटची तयारी चालली होती, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे, मिक्सर... तिला ती जागा हवीच होती.

जागेचा पूर्वेतिहास वगैरे काही नाही. तो प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगते. मोकळं पटांगण होतं, आठवडी बाजाराच्या दिवशी तिथं टेम्पो लागायचे. मी चार जुन्या माणसांना विचारलंय.

टेस्ट साधी असते. स्लॅबवर वाळूची पोती रचायची, चोवीस तास ठेवायची, मग काढायची. वजनानं स्लॅब किंचित वाकतो आणि वजन काढलं की परत वर येतो. किती परत येतो त्यावरून तो पास की नापास ते ठरतं. वाकणं मोजायला खालून डायल गेज लावतात – हातातल्या घड्याळाएवढं यंत्र, त्याचा दांडा स्लॅबला टेकलेला. स्लॅब एक मिलिमीटरचा शंभरावा भाग खाली आला की काटा एक घर पुढे सरकतो. मी पाच गेज एका ओळीत लावले होते. एक नंबर जिन्याच्या दाराखाली, तीन नंबर मधोमध, पाच नंबर मागच्या खिडकीखाली. गेजची परांची वेगळी आणि मी उभी राहायची ती वेगळी, म्हणजे माझ्या हलण्यानं काटे हलायला नकोत.

मदतीला लॅबमधले बसवराज मामा आले होते. उदगीरचे, गळ्यात लिंग, कामाला एकदम पक्के. माझ्यासारखी कित्येक पोरं त्यांच्या हाताखालून एम.टेक. होऊन गेली होती.

शनिवारी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांनी पोती चढवली. तीन नंबरचा काटा दोनशे दहा घरं फिरला. रविवारी सकाळी पोती उतरवायला सुरुवात केली, एकपर्यंत सगळी खाली आली. काटे छान मागे आले. हमाल गेले. मामांनी वरचा हॉल झाडून घेतला आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, दारातच, भाकरीचा डबा उघडून बसले. मी खाली परांचीवर, तीन नंबरपाशी. हॉल घुमायचा, म्हणून आम्ही फोन स्पीकरवर चालूच ठेवायचो.

मार्चचं ऊन. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच नंबरचा काटा हलला.

आधी वाटलं, मामा खिडकीपाशी गेले असतील. पण माणूस वरून चालला तर काटा तीन-चार घरं हलतो. हा नव्वद घरं फिरला. आणि एकदम नाही... हळूहळू, कुणीतरी अंदाज घेत पाय टेकवावा तसा.

"मामा, वर कोण आलंय?"

"कोणी न्हाई. मी जेवून राहिलो."

"हॉलमध्ये बघा ना जरा. खिडकीपाशी काही ठेवलंय का? पोतं वगैरे?"

"मोकळा हाय की. आत्ताच झाडलो न्हाई का मी! का, काय झालं?"

काटा अडकला असेल म्हणून मी सरकत जाऊन गेजवर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारली. तसं करतात. काटा मागे आला – पण माझ्या टिचकीनं नाही. पाच नंबर मागे येत होता आणि चार नंबर खाली जात होता. एकशे चाळीस घरं.

सवय वाईट असते. घाबरायच्या आधी मी फील्ड बुकमध्ये वेळ आणि रीडिंग लिहून काढलं.

मग तीन नंबरकडे परत आले, आणि तो जायला लागला. एकशे साठ, एकशे ऐंशी, एकशे नव्वद. काल शेकडो पोत्यांनी जेवढा स्लॅब वाकला होता जवळपास तेवढा, आणि वर मामांनी झाडलेली रिकामी फरशी. मी बरोबर त्याच्या खाली होते. डोक्यावर वीतभर अंतरावर स्लॅब. सकाळी वजन काढल्यावर मिटलेली एक बारीक चीर मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. ती माझ्या डोळ्यांसमोर उघडली. थोडी भुकटी माझ्या गालावर पडली.

आवाज काहीच नाही. पावलांचा नाही, कशाचाच नाही. बाहेर रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी ऐकू येत होती.

तीन नंबरवर ते थांबलं. मनातल्या मनात मी 'ते' हा शब्द पहिल्यांदा तेव्हा वापरला. किती वेळ थांबलं ते बुकात आहे – चार मिनिटं. त्या चार मिनिटांत मी खाली उतरू शकले असते. उतरले नाही. मी हलले तर त्याला कळेल, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं. श्वाससुद्धा तोंडानं घेत होते.

मग चीर मिटली. आणि दोन नंबर हलला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते कुठे निघालंय.

"मामा, दारातून उठा. खाली या."

"डबा तर भरू द्या..."

"डबा राहू द्या! उठा तुम्ही!"

"ताई, सांगशाल का काय झालं ते?"

काय सांगणार होते? दोन नंबर मागे आला. एक नंबर जायला लागला. एक नंबर म्हणजे दार. दार म्हणजे मामा.

"मामा, पळा!"

फोनवर डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. ते पायऱ्यांवरून गडगडत गेलं. मग मामांचा आवाज, अगदी हळू – "शिवा... शिवा..."

एक नंबरचा काटा शून्याला आला. पाचही काटे शून्याला. स्लॅबवर आता काहीच नव्हतं. पण जिना स्लॅबपासून वेगळा बांधला होता, मध्ये फट सोडून. जिन्याला मी गेज लावलेच नव्हते.

परांचीवरून मी उतरले की पडले, आठवत नाही. गुडघा सोलवटला होता हे नंतर कळलं. बाहेर पळायचं दार समोर होतं. जिना उजवीकडे. मी जिन्याकडे गेले हे आता लिहिताना शौर्याचं वाटतंय, पण तसं नव्हतं. त्या माणसाला एकटं सोडून मी मुखेडात तोंड कसं दाखवलं असतं? पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थबकले. वरून काही येतंय का, हे कळायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

मामा मधल्या वळणावर होते. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात छातीशी घेऊन, पोट आत ओढून उभे. अरुंद बोळात समोरून बैल आला की माणूस अंग चोरतो, तसे. माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या आणि त्यांच्या मधल्या पायऱ्यांकडे बघत होते.

"ताई," ते ओठ न हलवता बोलले, "बाजूला व्हा. भिंतीला लागा."

मी भिंतीला लागले. डोळे गच्च मिटले. काही स्पर्श झाला नाही, वारा आला नाही, वास नाही. फक्त कानात दडे बसले, घाटात एसटी उतरताना बसतात तसे. मग ते सुटले.

"गेलं," मामा म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांच्या हातात कप दिला.

"काय दिसलं मामा?"

"दिसलं काहीच न्हाई."

"मग अंग का चोरलं तुम्ही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "जिना भरला, ताई. समजा मोठं बिऱ्हाड उतरून राहिलंय... मला जागा उरली न्हाई."

सर त्या दिवशी लातूरला लग्नात होते. फोन लावला तर मागे सनई, त्यात माझं रडणं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, ऊन किती आहे? स्लॅब तापून हलतो. गेजही अडकतात." मला हे माहीत होतं. पण उन्हानं स्लॅब सगळा मिळून हलतो, आणि वरच्या बाजूला फुगतो. एकामागून एक, ओळीनं, दाराकडे जात नाही. गेज मी परत नांदेडला नेऊन तपासून घेतले. पाचही बिनचूक.

सोमवारच्या रीडिंगला स्लॅब उत्तम पास झाला. नियमाप्रमाणे माझं काम संपलं होतं. पण स्लॅब पास झाल्याच्या दाखल्यावर मी सही करेना. संस्थेच्या लोकांनी तोंडं वाकडी केली, तरी पुन्हा टेस्ट करायला लावली. या वेळी कॉम्प्युटरला जोडलेले सेन्सर, वर कॅमेरा, जिन्यालाही सेन्सर. तीन दिवस. काहीच आलं नाही. कबुतरं आली, ती दिसली.

मामा त्या टेस्टला आले नाहीत. "दुसरं कुठलंबी काम सांगा" म्हणाले. अजूनही माझ्याशी प्रेमानं बोलतात, पण तो विषय काढला की उठून जातात.

शेवटी मी सही केली. कुठल्या आधारावर नाही म्हणणार होते? थिसिसमध्ये रविवारच्या दुपारची रीडिंग नाहीत. सर म्हणाले, ती ठरलेल्या वेळांची नव्हती, आणि ते खरंच आहे. अभ्यासिका सुरू झाली. वर्ष होत आलं, एका पोपड्याचीही तक्रार नाही. मयूरी रोज सकाळी सहाला जाते. तिला मी यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. परीक्षेच्या वर्षात डोक्यात भीती घालायची नव्हती.

दिवाळीत घरी गेले तेव्हा राहवलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, जिना अरुंद पडत नाही ना तुम्हाला?"

ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "न्हाई गं. दोघी आरामात जातात. फक्त दुपारी जरा थांबावं लागतं."

"थांबावं लागतं म्हणजे?"

"भिंतीला लागून. सगळ्याच थांबतात."

"कशासाठी?"

आता तिनं वर बघितलं. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. तिनं खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून... आणि मग म्हणाली, "असंच. सवय आहे."

 फील्ड बुक माझ्याकडे आहे, पाच गेज, सव्वीस रीडिंग, सगळी माझ्या अक्षरात. कुणा जाणकाराला त्याचा अर्थ लागला तर मला खरोखर हवाय. मला अजून लागलेला नाही.